किती लांब जायचं? झाडकामाच्या चार महिन्यांच्या नोंदी

१२ जानेवारी

काल एका वाळक्या फांदीसाठी ७० किलोमीटर गेलो. एकच फांदी, छपरावर आलेली, बुडाशी मांडीएवढी जाड. दोर टाकला, काका वर चढले, खालून थोडा काप, मग वरून काप, फांदी दोरावर खाली, मग राहिलेला खुंट कॉलरच्या बाहेरून (फांदी खोडाला मिळते तिथं जो फुगीर भाग असतो तो) नीट काढला, सगळं मिळून ४० मिनिटं. बाकी अख्खा दिवस गाडीत. जाताना दीड तास, येताना दोन, मागं चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे, म्हणजे चिप, करणारं मशीन) जोडलेला आणि तो चिपर चालूसुद्धा केला नाही कारण मालक म्हणाले फांदी राहू द्या, जाळायला होईल. येताना कुणी कुणाशी बोललं नाही.

आमची टीम तिघांची. मी, वर चढणारे काका (तसे कुणाचे काका नाहीत, पण चढणाऱ्यांत वयानं मोठे म्हणून सगळे काकाच म्हणतात) आणि खाली दोर सांभाळणारं पोरगं. चढता मलाही येतं, म्हणजे काका वर अडकले तर त्यांना उतरवायला दुसरा माणूस साईटवर असतोच, त्याशिवाय चढायचंच नाही हा आमचा नियम. पण याचा अर्थ असाही होतो की काम केवढंही असो, माणसं कमी करता येत नाहीत. एका फांदीला पण तिघं आणि मोठ्या झाडाला पण तिघं.

तर ठरवलंय की चार महिने प्रत्येक कामाची वही लिहायची. शेडमधून किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, करवत पहिल्यांदा कधी चालू झाली, शेवटची कधी बंद झाली, आवरून कधी निघालो, परत कधी आलो. एवढंच. नफातोटा नंतर बघू. प्रश्न एकच, लांब म्हणजे नक्की किती लांब.

१५ जानेवारी

वहीला तीनच दिवस झाले आणि एक रकाना वाढवायला लागला. खेपा. आपण म्हणतो काम ३० किलोमीटरवर आहे, पण त्या कामाला आपण जातो किती वेळा? एकदा बघायला, एकदा करायला, कधी एकदा जमिनीतला खुंट दळायला (ते मशीन वेगळ्या ट्रेलरवर, चिपरबरोबर जात नाही) आणि कधी एकदा "जरा ती राहिलेली बाजू पण बघता का" म्हणून. म्हणजे ३० चे ६० नाहीत, ३० चे १८० ते २४० होतात. आणि बघून आलो पण काम मिळालंच नाही अशा खेपा कुठल्याच कामाच्या नावावर लिहिता येत नाहीत, त्या सगळ्या मिळालेल्या कामांच्याच डोक्यावर बसतात. त्यांच्यासाठी वहीच्या मागच्या पानावर "हेलपाटे" असं लिहून ठेवलंय.

२१ जानेवारी

जवळच दोन कामं, दोन्ही दहा मिनिटांवर. सकाळी एक, दुपारी एक, साडेचारला शेडमध्ये, करवतींना धार लावून पण झाली. लिहिण्यासारखं काही नाही. असे दिवस लक्षात राहत नाहीत हाच त्यांचा दोष.

२९ जानेवारी

किलोमीटरचा रकाना खोडला. म्हणजे लिहितो अजून, पण त्यावरून ठरवत नाही.

झालं असं की या आठवड्यात एक काम १८ किलोमीटरवर होतं, वस्तीतून, सिग्नल सिग्नलवर थांबत, ५५ मिनिटं. दुसरं ३५ किलोमीटरवर, सरळ मोठा रस्ता, ४० मिनिटं. आता यातलं लांबचं कुठलं? शिवाय मोबाईलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो तो कारचा. मागं चिपर असलेली भरलेली गाडी त्या वेळात कधीच पोचत नाही, मी आता सरळ त्यात पाव वेळ अजून मिळवतो. आणि पोचलो म्हणजे पोचलो असंही नाही, गल्ली अरुंद असली की ट्रेलर रिव्हर्समध्ये आत घालायला वीस मिनिटं जातात, पोरगं मागं उभं राहून हात हलवतंय, मला आरशात फक्त त्याचा एक कान दिसतोय.

दुसरी गोष्ट, गाडीतला एक तास हा एक तास नसतो, तो तीन माणसांचा एक तास असतो. एका बाजूला सव्वा तास म्हणजे जाऊन येऊन अडीच, गुणिले तीन, साडेसात तास. म्हणजे एका माणसाचा जवळजवळ पूर्ण दिवस नुसता काचेतून बाहेर बघण्यात गेला. हे कोटेशनमध्ये कुठं लिहिलेलं असतं? आम्ही डिझेल धरतो आणि वाटतं की प्रवास धरला.

६ फेब्रुवारी

आज जुन्या कुंपणाच्या झाडात खिळा लागला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, साल वाढून त्याच्यावरून गेलेली, भुश्याचा रंग बदलला आणि ठिणगी उडाली तेव्हा कळलं. करवतीची चेन गेली. दुसरी लावली, तासाभरानं दुसरा खिळा. पूर्वी कुणीतरी तार मारली असणार, एक खिळा लागला म्हणजे रांगच असणार हे डोक्यात यायला पाहिजे होतं. तिसरी चेन शेडमध्ये भिंतीवर, छान तेल लावून टांगलेली. कानशीनं जेवढी धार आली तेवढ्यावर ओढलं, पण दात असे जळालेले असले की करवत कापत नाही, नुसती घासते, भुगा पिठासारखा बारीक पडतो आणि हात दुखतात.

हेच काम दहा मिनिटांवर असतं तर पोरगं जाऊन चेन घेऊन आलं असतं, विषय संपला असता. तास दूर असलं की विसरलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत दोन तास. म्हणून आज एक पेटी वेगळी केली. तीन जास्तीच्या चेन, एक जास्तीचा बार (चेन ज्याच्यावरून फिरते ती पट्टी), कानशी, स्टार्टरची दोरी, स्पार्क प्लग, चेन ऑईल, चढायचा दोर वर ओढायला आधी झाडात फेकायची बारीक दोरी आणि तिचं वजन जास्तीचं (ते हमखास कुठल्यातरी बेचक्यात अडकून वरच राहतं). ही पेटी लांबच्या कामाला गाडीतून उतरायची नाही. दुसरा हार्नेस (चढताना अंगाला बांधायचे पट्टे) आणि सुटकेचा दोर मात्र या पेटीत नाही, तो रोजच गाडीत असतो, तो विसरला तर कामच सुरू करायचं नाही, मग ६० किलोमीटर आलो असलो तरी.

काका म्हणाले, "खरंच परत फिरशील का?" मी हो म्हटलं. नंतर विचार करत होतो की खरंच फिरलो असतो का.

१४ फेब्रुवारी

बघायच्या खेपा कमी करायच्या म्हणून फोटोची पद्धत सुरू केली. लांबचा फोन आला की आधी फोटो. पूर्ण झाड, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि बुंध्याशेजारी एक माणूस उभा पाहिजे म्हणजे उंचीचा अंदाज येतो. मग गेट, गेटपासून झाडापर्यंतची वाट, खाली काय काय आहे, आणि वीजेच्या तारा कुठून जातात ते. लोक झाडाचा फोटो असा काढतात की झाडच सुंदर दिसावं, आकाश वगैरे, तारा मुद्दाम टाळतात, आम्हाला नेमक्या ताराच पाहिजे असतात.

पण आजच कळलं की फोटोवर किती भरवसा ठेवायचा. फोटोत झाड व्यवस्थित, हिरवंगार, काम अर्ध्या दिवसाचं. जाऊन बघतो तर बुंध्याच्या मागच्या बाजूला, गवतात झाकलेली, ताटलीएवढी अळंबी. काकांनी बुंध्यावर हातोडीच्या मागच्या बाजूनं ठोकलं, आवाज पोकळ. मुळाशी कुज असलेल्या झाडावर दोर लावून चढायचं म्हणजे ज्या खुंटीला आपण लटकणार तीच खुंटी सडकी. काका नाही म्हणाले, मीही नाही म्हटलं, शिडीगाडी लागेल असं सांगून परत आलो. मालक नाराज, "एवढ्या लांबून आलात तर थोडं तरी कापा ना." फोटोनं नको ती कामं गाळता येतात, काम घ्यायचं का हे ठरवता येत नाही. आता मालकांना सांगतो की बुंध्याचा फोटो गवत बाजूला करून, सगळीकडून.

२० फेब्रुवारी

त्या "एवढ्या लांबून आलात तर" वर थोडं लिहायचंय, कारण या आठवड्यात ते दुसऱ्यांदा ऐकलं.

आज ५० मिनिटांवर एक ताई होत्या, झाड निरोगी, फक्त दोन फांद्या गच्चीला लागत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात तर शेंडाच उडवून टाका, परत चार-पाच वर्षं बघायला नको." ऐकायला बरोबर वाटतं. पण शेंडा उडवला की झाड घाबरल्यासारखं त्या कापाखालून भराभर धुमारे काढतं, ते धुमारे वरवर चिकटलेले असतात, आतून फांदीसारखे रुजलेले नसतात, आणि वरचा मोठा काप झाडाला झाकता येत नाही म्हणून तिथून कुज आत उतरते. म्हणजे काही वर्षांत तेवढीच उंची, पण आता ती ठिसूळ. एका वेळी हिरव्या पानोऱ्याचा चौथा हिस्सा, त्याच्या वर जायचं नाही, म्हाताऱ्या झाडाला त्याहूनही कमी. हे सगळं त्यांना समजावलं, पटलं की नाही माहीत नाही, पण दोनच फांद्या काढल्या.

मला खटकलं ते वेगळंच. त्या बोलत असताना माझ्याही मनात आलं होतं की खरंच, एवढ्या लांब आलोय, दोन फांद्यांचं बिल काय लावायचं, थोडं जास्त कापलं तर दिवस तरी भरेल. म्हणजे लांबचं काम झाडालाही महाग पडू शकतं.

२ मार्च

आज पावसानं सुट्टी, वही घेऊन बसलो आणि शाळेतलं गणित उकरलं. शेडभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर आत ३१४ चौरस किलोमीटर येतात. २० चं काढलं तर १२५६. ४० चं काढलं तर ५०२६. त्रिज्या दुप्पट, जागा चौपट. म्हणूनच वाटतं ना की थोडं लांबपर्यंत जाहिरात केली तर कामाला तोटा नाही.

पण हेच उलटं वाचा. ४० चं वर्तुळ घेतलं तर त्यातला तीन चतुर्थांश भाग २० च्या बाहेर आहे. म्हणजे घरं आणि झाडं सगळीकडे सारखीच पसरलीत असं धरलं तर "४० किलोमीटरपर्यंत येतो" असं ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसापासून चारातले तीन फोन लांबचेच येणार. लांबची कामं अधूनमधून येतील असं नाही, लांबची कामं हाच धंदा होणार. आमचं हेच झालं होतं आणि मला वाटायचं की नशीबच असलंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेडपासून चालत जाता येईल अशा रस्त्यावर गेल्या महिन्यात दुसरीच टीम काम करताना दिसली. त्या घरच्यांना आम्ही इथंच असतो हे माहीतच नव्हतं. उद्यापासून जवळच्या प्रत्येक कामाच्या दिवशी आजूबाजूच्या घरांत सांगून यायचं, निदान पाच घरं. करवतीचा आवाज तसाही सगळ्यांनी ऐकलेलाच असतो, आधी जाऊन सॉरी म्हटलं तरी ओळख होते.

११ मार्च

माल कुठं टाकायचा हे दूर गेल्यावर कळत नाही. आपल्या भागात माहीत असतं, चिप कुणाला पाहिजे, ओंडके कोण नेतं. ४५ किलोमीटरवर आपण पाहुणे.

आज अंदाज चुकला. ओल्या लाकडाचं वजन लोक कमी धरतात, मीही धरलं. ४० सेंटीमीटर जाड, एक मीटर लांब ओंडका म्हणजे १२५ लिटर लाकूड, ताजं कापलेलं असलं की बऱ्याच जातींमध्ये १०० ते १२५ किलो. ६० सेंटीमीटर जाडीचा घेतला तर जाडी दीडपट पण वजन सव्वादोनपट. असे डझनभर ओंडके झाले की गाडीची क्षमता संपली, डब्यात जागा दिसते पण ती फसवी. फांद्या चिपरमधून काढल्या की जागा कमी लागते, वजन मात्र तेवढंच राहतं. दोन खेपा कराव्या लागल्या. दुसरी खेप फक्त मी आणि पोरगं, अंधारात, ४५ जाऊन ४५ येऊन.

यापुढं लांबच्या कामाला बोलणी करतानाच विचारायचं की माल तिथंच ठेवता येईल का. चिप झाडांच्या बुडाशी पसरता येते, पाच ते दहा सेंटीमीटरचा थर, खोडाला टेकवायचा नाही, खोड मोकळं ठेवायचं नाहीतर साल सडते. बहुतेक लोक हो म्हणतात, फक्त विचारलेलं नसतं. माल नेण्याचं काम अंतरानं वाढतं, कापायचं काम वाढत नाही, तर दोन्हीचा एकच भाव कसा काय सांगत होतो आम्ही.

१८ मार्च

हेलपाटा. सव्वा तासावर, दोर टाकायच्या आधी काकांनी दुर्बिणीतून बघितलं, नेमक्या त्याच फांदीच्या बेचक्यात घरटं, पिल्लं चोच वासून. झालं. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं. फोनवर विचारायच्या प्रश्नांत घरट्याचा प्रश्न घातला, आणि परवानगीचाही, कारण हद्द बदलली की झाड तोडायच्या परवानगीचे नियम बदलतात आणि आपल्याकडे चालतं म्हणून तिकडे चालेल असं नसतं. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय लांबची तारीख द्यायची नाही.

पोरगं खूश होतं, त्यानं पिल्लांचा व्हिडिओ काढला.

२७ मार्च

माल लांबून उचलून आणण्याबद्दल अजून एक, त्या दिवशी लिहायचं राहिलं.

लाकडाबरोबर कीडही प्रवास करते. अमेरिकेतलं एमराल्ड अॅश बोररचं उदाहरण यात सगळ्यात प्रसिद्ध. हिरवा चकचकीत भुंगा, मूळचा पूर्व आशियातला, मिशिगनमध्ये २००२ साली पहिल्यांदा ओळखला गेला, अळी सालीखाली राहून अॅशची झाडं मारते, आतापर्यंत कोट्यवधी गेली. तो भुंगा स्वतःहून फार लांब उडत नाही, पण जळणाचं लाकूड गाडीत घालून माणूस शेकडो किलोमीटर जातो आणि भुंगा फुकटात पोचतो. तिकडे म्हणूनच लोकांना सांगतात की जळण जिथं घ्याल तिथंच जाळा. एल्मच्या झाडांचा रोग पण असाच, सालीतले किडे बुरशी घेऊन फिरतात.

म्हणजे आम्ही एका भागातलं आजारी झाड कापून, ओंडके ५० किलोमीटर आणून, शेडच्या मागं ढीग लावतो तेव्हा नक्की काय करतो? आजपासून संशयाचं लाकूड हलवायचं नाही, तिथंच चिप. आणि निघताना करवत, बूट, दोर झटकून, पुसून. काका म्हणतात दोर धुवायला मला वेळ नाही. धुतला मात्र.

९ एप्रिल

हे सावकाश लिहितो.

काल एक तास वीस मिनिटांवर मोठं काम होतं, घराच्या आणि भिंतीच्या मधे अडकलेलं झाड, तुकडे तुकडे करत दोरानं उतरवायचं. अंदाज एका दिवसाचा होता. सकाळी रस्त्यात उशीर झाला, पोचलो साडेदहाला. दुपारपर्यंत फांद्या झाल्या, नुसतं खोड राहिलं. साडेचार वाजले तेव्हा अजून पाच-सहा तुकडे वर होते.

तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की उद्या. पण उद्या म्हणजे परत एक तास वीस मिनिटं, परत तिघं, परत चिपर. कुणीच तसं बोललं नाही. काका वरून म्हणाले, "जरा मोठे घेतो, दोन-तीनमध्ये उरकू." मी मान हलवली. तोपर्यंत ते ७० सेंटीमीटरचे तुकडे घेत होते, ३५ सेंटीमीटर जाडी, म्हणजे साधारण साठ-पासष्ट किलो. पुढचा घेतला १४० चा. दुप्पट वजन. आणि खोड उतरवताना पुली कापाच्या खाली बांधलेली असते, म्हणजे तुकडा आधी पडतो आणि मग दोर त्याला धरतो, त्या झटक्यात दोरावर येणारा भार तुकड्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. लांब तुकडा, जास्त पडणं, जास्त झटका. हे आम्हा तिघांनाही पाठ आहे.

खाली पोरगं बुंध्याला बांधलेल्या ड्रमवरून (त्याला दोराचे वेढे देऊन भार हळूहळू सोडता येतो) दोर सोडत होतं. झटका हळूहळू जिरवायला दोर थोडा पळू द्यायचा असतो, पण खाली भिंत जवळ होती म्हणून त्यानं घट्ट धरला. तुकडा गचकन थांबला, लंबकासारखा फिरला, भिंतीवरच्या पन्हळीला लागला, पन्हळ तीन फूट वाकडी. वर अख्खं खोड हललं, काका खोडाला मिठी मारून. दोनेक सेकंद. मग काका म्हणाले, "ठीक आहे." मग कुणीच काही नाही.

कुणाला लागलं नाही. दोर बाद केला, एवढा झटका बसलेला दोर परत वापरायचा नाही. उरलेलं तसंच ठेवून परत आलो. गाडी चालवताना पोरगं शेजारी झोपलं आणि मला पण दोनदा डोळ्यावर झापड आली, शेवटी गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोपलो. म्हणजे दिवसातला दुसरा धोका.

आज परत गेलो, उरलेलं दोन तासांत केलं, छोटे तुकडे. पन्हळीसाठी अजून एक खेप आहेच. एक खेप वाचवायला गेलो आणि दोन वाढवल्या.

मी जानेवारीपासून डिझेल, तास, माणसं मोजतोय. पण परतीचा रस्ता काल काकांबरोबर झाडावर चढून बसला होता हे कुठल्या रकान्यात लिहू?

१० एप्रिल

संध्याकाळी शेडमध्ये काकांशी बोललो.

मी म्हटलं, "काका, चूक माझी. मी थांबवायला पाहिजे होतं."

"तू थांबवलं असतंस तर मी ऐकलं असतं असं वाटतं तुला? मला घरी जायचं होतं."

"जवळ असतं तर?"

"जवळ असतं तर साडेचारलाच उतरलो असतो. दोर वरच ठेवून. सकाळी परत." मग थोडं थांबून म्हणाले, "लांब गेलं ना की झाड आपलं घड्याळ बघत नाही, आपण झाडावर घड्याळ टांगतो."

ठरवलं ते असं की निघायची वेळ सकाळीच ठरवायची, साईटवर पोचल्यावर, मालकासमोर. त्या वेळेच्या एक तास आधी वरचा माणूस उतरायला लागतो, काम कुठंही असो, फक्त अर्धवट धोक्याचं काही लटकत ठेवायचं नाही. आणि पाऊण तासापेक्षा लांब असेल तर जो दिवसभर चढला तो गाडी चालवत नाही. पोरग्याला लायसन काढायला सांगितलं, तेवढ्यावर त्याचा चेहरा उजळला.

२२ एप्रिल

परवा रात्री वादळ. काल सकाळपासून फोन थांबत नाही. सगळीकडून, दीड-दोन तासांवरून सुद्धा. वादळानंतर प्रत्येकाला आजच पाहिजे असतं आणि प्रत्येकाचं खरंही असतं.

दोन दिवस जवळचंच केलं. पडलेलं झाड जमिनीवर आहे म्हणून सोपं वाटतं पण ते उभ्या झाडाहून वाईट, फांद्या वाकून दाबलेल्या असतात, कुठल्या बाजूला ताण आणि कुठल्या बाजूला दाब हे न बघता काप दिला की स्प्रिंगसारखी उसळते. असलं काम दोन तास गाडी चालवून, दमलेल्या डोक्यानं करायचं नाही, एवढं तरी ८ तारखेनं शिकवलं. लांबच्यांना स्पष्ट सांगितलं की तारांना लागलेलं असेल तर आधी वीजवाल्यांना फोन करा, जवळ जाऊ नका, आणि तुमच्या भागातला कुणीतरी शोधा.

२८ एप्रिल

आता उलट बाजू, कारण वहीत फक्त रडगाणं नको.

दीड तासावरच्या भागातून जुन्या ओळखीच्यांचा फोन आला, त्यांच्याकडे मोडलेलं झाड, घराला धोका नव्हता. मी म्हटलं चार दिवसांनी येतो, पण तोपर्यंत शेजारीपाजारी विचारा. त्यांनी खरंच विचारलं. चार कामं जमली, सगळी एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. दोन रात्री तिथंच राहिलो, चिपर तिथंच, एकानं माल टाकायला शेत दिलं. तीन दिवसांत प्रवास एकदाच जायचा, एकदाच यायचा. वहीत बघितलं तर करवत चालू असल्याच्या तासांमागे गाडीतला वेळ गेल्या आठवड्यातल्या पाऊण तासावरच्या सुट्या कामांपेक्षा कमी पडला.

फक्त काकांना दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी ते चढले नाहीत, मी चढलो. हे पण धरायला लागतं.

३ मे

लांबच्या भागातल्या एका टीमला आज पहिल्यांदा काम दिलं. म्हणजे मला आलेला फोन, तासापेक्षा लांब, एका झाडाचा, मी त्यांचा नंबर दिला. देताना जीव खालीवर झाला, गिऱ्हाईक हातचं गेलं असं वाटलं. देण्याआधी जाऊन त्यांचं काम एकदा बघून आलो होतो, काप नीट असतात, खुंट्या सोडत नाहीत, कापावर रंग फासत नाहीत, वर एक माणूस असेल तर खाली दुसरा चढणारा असतो. असं नसतं तर दिलं नसतं, कारण वाईट झालं की लोक नंबर देणाऱ्यालाच धरतात.

संध्याकाळी त्यांच्याकडून उलटा फोन, आमच्या शेडपासून बारा मिनिटांवरचं काम आहे, बघता का.

१२ मे

चार महिने झाले. वही भरली नाही पण तेलाचे डाग भरपूर.

आमच्यापुरतं असं ठरलंय. गाडीतला जाऊन येऊनचा वेळ हा साईटवरच्या वेळेच्या चौथ्या हिस्स्यापेक्षा जास्त नको. आठ तासांचं काम असेल तर दोन तास, म्हणजे एका बाजूनं एक. दोन तासांचं काम असेल तर जाऊन येऊन अर्धा तास, बस. यामुळं किलोमीटरचं भांडण संपलं, काम मोठं तेवढं वर्तुळ मोठं. एक तासापुढं फक्त मोठी किंवा जमवलेली कामं, दिवस ठरवून, एका वेळी एकच दिशा, आणि दोन दिवसांच्या वर असेल तर राहायची सोय धरूनच कोटेशन. लांब बघायला यायचे पैसे लागतील, काम मिळालं तर त्यातून वजा. हे सांगितल्यावर निम्मे लोक फोन ठेवतात, आणि आधी याच निम्म्यांसाठी मी हेलपाटे घालत होतो बहुतेक.

नियम मोडायची दोन कारणं वहीत लिहून ठेवलीत. एक, जुनं गिऱ्हाईक, ज्यांच्या झाडाची छाटणी आम्हीच सुरू केली आहे, ते अर्धवट सोडून "आता लांब पडतं" म्हणायचं बरं दिसत नाही. दुसरं, खरंच जवळपास कुणी नाही आणि फांदी माणसांच्या डोक्यावर आहे. काकांना तिसरं कारण पाहिजे होतं, "जिथं झाड बघण्यासारखं आहे." ते लिहिलं नाही, पण खोडलंही नाही.

१४ मे

जानेवारीतल्या त्या ७० किलोमीटरवाल्या मालकांचा आज फोन. शेजारची दुसरी फांदी वाळलीय. मी म्हटलं आजूबाजूला अजून कुणाचं काम असेल तर विचारून ठेवा, त्या दिशेला पुढच्या महिन्यात येणार आहे, आणि आधी फोटो पाठवा, झाडाशेजारी कुणीतरी उभं करून.

फोटो आला. घरी दुसरं कुणी नव्हतं म्हणून झाडाशेजारी कुत्रा बसवलाय. आता कुत्रा केवढा आहे हे विचारायला परत फोन लावतोय.